बॅक ऑफिस मुंबईबाहेर: नाशिक की नागपूर?

भाडं दोन्हीकडे मुंबईपेक्षा कमीच, त्यावरून निवड करू नका. कोणतं काम हलवायचंय आणि त्यासाठी मुख्यालयात किती वेळा जावं लागतं, ते आधी ठरवा.

बँकेची कागदपत्रं, ऑडिटर, सही-शिक्का अशी कामं असलेलं अकाउंट्स असेल तर नाशिक. सकाळच्या पंचवटी एक्स्प्रेसने मुंबई गाठून संध्याकाळी परतता येतं. जून 2025 मध्ये समृद्धीचा इगतपुरी-आमणे टप्पा सुरू झाल्यापासून कारने जाताना कसारा घाट टळतो. भिवंडी-ठाण्याची कोंडी मात्र आहेच. पण हीच जवळीक नडते. मुंबईहून आलेली अनुभवी माणसं घर हलवत नाहीत, दर आठवड्याला ये-जा करतात आणि थकून दुसरी नोकरी धरतात. सातपूर-अंबडच्या कारखान्यांमुळे स्टोअर्स-परचेसची माणसं इथे चटकन मिळतात. शंभरेक टेलिकॉलर एकदम भरणं अवघड.

कॉल सेंटर, पेरोल, आयटी सपोर्ट असं आपापलं चालणारं मोठं काम असेल तर सरळ नागपूर. हिंदी-मराठी दोन्ही सहज बोलणारी मुलं मिळतात, आणि टीसीएस, इन्फोसिस, एचसीएल तिथे असल्याने शिफ्टला सरावलेले टीम लीडरही. (ते पगारही त्याच हिशेबाने मागतात.) मुंबईला जायचं तर विमान, नाहीतर दुरांतोची रात्र. मिहानमधली (विमानतळाजवळच्या प्रकल्पातली) जागा सेझच्या, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्राच्या, आत आहे की बाहेर, हे करारापूर्वी बघा. सेझ युनिटला निव्वळ परकीय चलन मिळवून दाखवावं लागतं. फक्त देशातल्या कामासाठी ते लोढणं आहे, आणि नव्या युनिटांना जुनी आयकर सवलतही नाही. मे महिन्यात पारा 45 च्या आसपास जातो, म्हणून सर्व्हर रूमचा एसी आणि जनरेटर त्या हिशेबानेच घ्या.

राज्य तेच असल्याने नवा जीएसटी क्रमांक लागत नाही. आहे त्याच नोंदणीत नवी जागा 15 दिवसांत दाखवायची. नेमणूकपत्रात बदलीचं कलम आहे का ते वाचा. कामगार या व्याख्येत बसणाऱ्यांच्या सेवाशर्ती बदलणार असतील तर 21 दिवसांची नोटीस द्यावी लागते. जुन्या आयकर प्रणालीत एचआरए (घरभाडे भत्ता) सवलतीसाठी मुंबईत पगाराच्या 50 टक्क्यांची मर्यादा धरतात, या दोन्ही शहरांत 40. हे आधी सांगितलं नाही तर पहिल्याच स्लिपवर भांडण होतं.

मार्च-एप्रिलमध्ये हलवू नका. दोन महिनाअखेरी दोन्हीकडे समांतर चालवा आणि जुन्या माणसांचा बोनस काम सोपवून झाल्यावरच द्या. इंटरनेट दोन कंपन्यांचं घेतलंत तरी दोघांची फायबर एकाच चरातून येत नाही ना, ते जागेवर जाऊन बघा. रस्ता खोदला की दोन्ही एकदम तुटतात.