झाडीपट्टीतलं आमचं स्टेशन, नऊ महिन्यांनंतर: नळ, सावली आणि भिंतीवरची रोवणी

धानकापणीच्या दिवसांत स्टेशनच्या भिंतींवरचं रंगकाम आटोपलं होतं, आता पुन्हा रोवणी, म्हणजे धानाची लावणी, सुरू झाली आहे. म्हणजे एक हिवाळा, अख्खा उन्हाळा आणि पावसाचे पहिले आठवडे या स्टेशनने काढले. पूर्व विदर्भाच्या धानपट्ट्यातलं, म्हणजे झाडीपट्टीतलं, हे स्टेशन लहानच आहे: दोन प्लॅटफॉर्म, एक पादचारी पूल, एक तिकीट खिडकी आणि दिवसभरात मोजक्या मेमू, म्हणजे विजेवरच्या जवळच्या पल्ल्याच्या गाड्या. कॉलेजची पोरं, दवाखान्यात जाणारे म्हातारे, भाजीच्या पाट्या घेऊन निघणाऱ्या बाया असे रोजचे प्रवासी इथे गाडीच्या आधी अर्धा-पाऊण तास येऊन बसतात. त्या वेळेत काय मिळतं, यावर हा अनुभव.

सुरुवात चित्रांपासून. चंद्रपूर आणि बल्लारशा स्टेशनांना 2018 मध्ये रेल्वेच्या सुशोभीकरण स्पर्धेत देशात पहिलं बक्षीस मिळालं. तिथे ताडोबा भिंतीवर आला आणि ते शोभलंही. पण म्हणून प्रत्येक स्टेशनवर वाघच काढायचा किंवा पालघर-डहाणूकडची वारली आणून चिकटवायची, हे काही पटत नाही. आमच्याकडे तसं झालं नाही, याचा मनापासून आनंद आहे. नाटकाचे पडदे रंगवणाऱ्या हातांनी इथल्या भिंती रंगवल्या, म्हणून विषयही इथलेच आले: मालगुजारांच्या काळातल्या जुन्या तलावात जाळं टाकणारे ढिवर, शंकरपट (बैलांची शर्यत), मंडई (दिवाळीनंतरची गावजत्रा), दंडार (इथलं लोकनाट्य), सारसाची जोडी.

सगळ्यांत सरस चित्र रोवणीचं. बाया मागे मागे सरकताहेत, लावलेल्या ओळी त्यांच्या समोर आहेत आणि रिकामा चिखल पाठीशी. डाव्या हातात पऱ्ह्यांची, म्हणजे धानाच्या रोपांची, पेंडी, उजव्या हाताच्या बोटांत सुटी केलेली चार-पाच रोपं. ज्याने बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, पाय घातला नाही, तो चित्रात हमखास बायांना पुढे चालवतो. भाजीवाल्या बाया याच चित्राखाली पाट्या ठेवतात. सारसाच्या चित्रात मात्र एक चूक राहिली आहे. डोकं आणि मानेचा वरचा भाग लाल, हे बरोबर, पण सारसाचा माथा राखाडी असतो, इथे तोही लाल रंगवला आहे. गोंदिया-भंडाऱ्याच्या बांध्यांमधून अजून दिसणारा हा पक्षी, एवढी दुरुस्ती व्हायला हवी.

आता दुखणं. रोवणीच्या चित्राचा उजवा कोपरा मार्चपासून फुगायला लागला, जूनमध्ये पापुद्रे गळाले आणि खाली पांढरी भुकटी दिसू लागली. रंग हलका होता म्हणून असं झालं, ही समजूत चुकीची आहे. त्याच भिंतीच्या मागे वॉटर कूलर आहे. दाबाच्या नळांपैकी दोघांची स्प्रिंग बसली, नळ ठिबकत राहिले आणि सांडपाण्याचा पाइप जोडाजवळ सुटला. पाणी विटांत मुरलं, विटांमधले क्षार घेऊन पुढच्या बाजूला आलं, तिथे पाणी सुकलं आणि क्षारांनी रंगाला आतून ढकललं. दंडारचं चित्र कूलरपासून लांब आहे. रंग तोच, कारागीर तेच, पण त्याला एक चरा नाही.

खात्री करायची सोपी रीत: फूटभर चौकोनी प्लॅस्टिक चारही बाजूंनी टेपने भिंतीला चिकटवा आणि एक दिवस ठेवा. आतल्या बाजूला थेंब आले, तर ओल भिंतीतून येते आहे. अशा ओल्या भिंतीवर पुन्हा रंग मारणं म्हणजे पैसा वाया. टाइल्स लावल्या किंवा वॉटरप्रूफ थर दिला तर ओल अडते, पण वर चढते आणि नवा भाग खराब करते. आधी स्प्रिंग आणि पाइपचा जोड. मग क्षार कोरड्या ब्रशने झाडायचे, धुवायचे नाहीत, नाहीतर विरघळून परत आत जातात. पाऊस गेल्यावर भिंत वाळू द्यायची, पोकळ प्लास्टर काढून नवं करायचं, तेही चांगलं तीन-चार आठवडे वाळलं की प्राइमर, त्यावर बाहेरच्या भिंतीचा ॲक्रिलिक इमल्शन. घाई केली तर पुढच्या रोवणीला हाच कोपरा पुन्हा गळेल.

कूलरचंही गणित समजून घ्या. त्यावर 40/80 लिहिलं आहे: टाकी 80 लिटरची, तासाला 40 लिटर थंड होतं. चाळीस जणांनी दोन-दोन लिटरच्या बाटल्या भरल्या की टाकी संपली, पुन्हा पूर्ण गार व्हायला दोन तास. म्हणून मे महिन्यात गाडीच्या तोंडावर कोमट पाणी येतं. यात मशीनचा दोष नाही. लवकर या, भरून घ्या. गर्दीच्या वेळेसाठी बाजूला दोन माठ ठेवले तरी मोठा आधार होईल.

शेडखालचे स्टीलचे बाक दुपारी तीननंतर बसण्यासारखे राहत नाहीत, ऊन पश्चिमेकडून तिरपं आत येतं. कडुनिंबाचा पार केव्हाही बरा. शौचालय सकाळी स्वच्छ असतं, दुपारी टाकी रिकामी असते. बायकांच्या बाजूची आतली कडी दोन महिने तुटलेली आहे आणि हे आधी व्हायला हवं, चित्रांच्याही आधी.

तिकिटाचं म्हणाल, तर मोबाइलवरचं पेपरलेस तिकीट स्टेशनच्या आवारात शिरण्याआधी काढा. आत आल्यावर खिडकीजवळचा क्यूआर स्कॅन करावा लागतो आणि तो उन्हाने फिका पडल्यामुळे कॅमेरा धरत नाही. हे तिकीट रद्द होत नाही, तेव्हा गाडीची खात्री करूनच काढा. रोज जाणाऱ्यांनी पास काढावा, 150 किलोमीटरपर्यंत मिळतो.

दोन नंबरचा प्लॅटफॉर्म अजून रुळाच्या पातळीला आहे. एक नंबर मात्र उंच, रुळापासून 760 ते 840 मिलिमीटरच्या मापाचा. मालगाडी उभी असली की मेमू दोनवर घेतात आणि घोषणा उशिरा होते. म्हातारं माणूस सोबत असेल तर खिडकीवर आधी विचारा, पूल ओलांडायला दहा मिनिटं धरा, आणि चढवताना एक जण खाली, एक जण दारात राहा.

खर्ऱ्याच्या (सुपारी-तंबाखूच्या) पिचकाऱ्यांसाठी चित्रांखाली तीन फूट गडद टाइल्स लावल्या आहेत, रोज पुसता येतात. जिन्याचा कोपरा तेवढा सुटला आणि तिथलं मंडईचं चित्र आता गुडघ्यापर्यंत लाल आहे. थुंकण्याला 500 रुपयांपर्यंत दंड आहे, पाटीही आहे. या कोपऱ्यात टाइल्सची एकच रांग आणि एक दिवा लागेल, रात्रीच्या गाडीच्या वेळी तिथे पूर्ण अंधार असतो.