18 हजाराचा बास आणि दोन लाखाचा बास, पैसे नेमके जातात कुठं?

सहा वर्षं झाली ऑर्केस्ट्रात बास गिटार वाजवतोय, आणि दिवसा कोल्हापूरच्या उद्यमनगरात व्हीएमसीवर (धातू कापायच्या कॉम्प्युटरवाल्या मशीनवर) कामाला असतो, त्यामुळं बास हातात आला की आवाजाच्या आधी त्याचं फिनिशिंग बघायची सवयच लागलीय. माझा स्वतःचा 18 हजाराचा, एका कंपनीच्या बजेट लाईनमधला. गेल्या वर्षी ग्रुपमधल्या मित्रानं फेंडरचा अमेरिकन प्रोफेशनल टू जाझ बास घेतला आणि लगेच त्याची बदली झाली, म्हणून तो बास जून ते सप्टेंबर माझ्या घरात होता. दोन्हीला एकाच गेजच्या, म्हणजे जाडीच्या, नव्या तारा लावल्या, एकाच अँपवर वाजवले. आता मला जे वाटलं ते लिहितोय.

आधी किमतीचं. फेंडरच्या घरातच बघा, खाली स्क्वायर, त्यात सोनिक, मग अ‍ॅफिनिटी, मग क्लासिक व्हाइब. त्याच्या वर मेक्सिकोत बनणारी प्लेयर, आणि वर कॅलिफोर्नियात कोरोना शहरातल्या कारखान्यातली अमेरिकन. जाझ बास 1960 ला आला तोच आकार, तेच 34 इंचाचं स्केल (तारेची वाजणारी लांबी) या मालिकांमधल्या जाझ बासना. पण अ‍ॅफिनिटी अंदाजे 30 हजारात येतो आणि अमेरिकन दोन लाखाच्या पुढं जातो. आयबानेझचंही तसंच, खाली जिओ आणि वर जपानमध्ये बनणारी प्रेस्टिज.

माल बदलतो हे खरंय. स्वस्तात पॉप्लर लाकडाची बॉडी आणि सिरॅमिक चुंबकाचे पिकअप (तारेचा आवाज पकडणारे), वरच्यात बहुतेक वेळा आल्डर लाकूड आणि अल्निको चुंबक. फिंगरबोर्डचं, म्हणजे बोटं दाबायच्या पट्टीचं, तर मला वाचून लई भारी वाटलं, शिसवाच्या जातीच्या लाकडांवर 2017 ला आंतरराष्ट्रीय व्यापाराचे नियम कडक झाले, तेव्हा कंपन्यांनी दुसरी लाकडं शोधली, आणि त्यातलं स्वस्त बासवर दिसणारं इंडियन लॉरेल म्हणजे आपला ऐन! राधानगरी-दाजीपूरच्या जंगलात उभा असतो तोच. लाकूड टणक आहे, त्यात काही कमी नाही, उगाच नाक मुरडू नका.

आवाजात फरक आहे का? हेडफोन लावून घरी वाजवला तर आहे, महागड्याचा आवाज मोकळा, प्रत्येक तार वेगळी कळते. पण मंडळाच्या स्टेजवर बँजो, ढोलकी, कीबोर्ड सगळं एकदम सुटलं की कुणाला कळतंय? बासची खालची ई तार 41 हर्ट्झची, बहुतेक छोट्या स्पीकरमधून ती नीट बाहेरच येत नाही. तिथं सिरॅमिक काय आणि अल्निको काय. तिथं जाणवते ती घरघर. मांडवात अर्थिंगचा पत्ता नसतो, आणि माझ्या बासला आतून शील्डिंगच (बाहेरचा विजेचा गोंगाट अडवणारा धातूचा थर) नव्हतं, लाईट लागले की नुसता गुंऽऽ आवाज. मी कॅव्हिटीत, म्हणजे आतल्या पोकळीत, कॉपर टेप चिकटवली, शे-दोनशे रुपयांचं काम, निम्म्याहून जास्त घरघर गेली.

खरा पैसा आहे तो नेकमध्ये, म्हणजे बासच्या लांब दांड्यात. चार तारांचा मिळून 70-80 किलोच्या आसपास ताण त्या एका लाकडी पट्टीवर कायम असतो. आपल्याकडं जूनला पाऊस सुरू झाला की हवा ओली, लाकूड फुगतं, नेक हलतो. त्या चार महिन्यात मी दर रविवारी दोन्ही बासची रिलीफ, म्हणजे नेकचा हलका बाक, फिलर गेजनं (फट मोजायच्या पातळ पत्त्यांनी) मोजली, पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) तार दाबून मधल्या फ्रेटवर किती फट राहते ते. दोन्ही 0.35 मिमीला लावून ठेवलेले. महागडा जवळजवळ तिथंच राहिला, एकदा थोडासा ट्रस रॉड (नेकच्या आतली, बाक कमी-जास्त करायची सळी) फिरवला, एवढंच. माझा जुलैत 0.6 वर गेला, ऑगस्टात परत फिरवला, सप्टेंबरात ऊन पडलं की उलट्या बाजूला. महाग मालिकांमध्ये नेक घट्ट राहायला आत सळ्या घालतात, प्रेस्टिजच्या एसआर बासमध्ये टायटॅनियमच्या असतात, त्याचे पैसे मला पटतात.

दुसरं फ्रेटचं. लाकूड कापायला स्वस्त काय महाग काय दोन्हीकडं सीएनसीच (कॉम्प्युटरवर चालणारं मशीन), त्यात मोठा फरक राहिलेला नाही. पण मशीनवरनं उतरल्यावर डिबरिंग, म्हणजे कडा घासून साफ, कोण करतंय, किती वेळ देतंय आणि किती पीस रिजेक्ट करतंय, किंमत तिथं वाढते. हे आमच्या धंद्यात रोज बघतो. मित्राच्या बासच्या नेकवरनं हात फिरवला तर कडा गोल केलेल्या, हाताला काही लागत नाही. माझ्याच्या फ्रेटची टोकं मार्चच्या कोरड्या हवेत बाहेर आली, तळहाताला ओरखडे. बारीक फाईल घेऊन एक रविवार घालवला आणि स्वतःच घासली, मग तीन फ्रेट उंच होते ते एका अनुभवी कारागिराकडनं लेव्हल करून घेतले, 1,500 रुपये. त्यानंतर बाराव्या फ्रेटवर ॲक्शन (तारेची फ्रेटपासूनची उंची) 2 मिमीपर्यंत खाली आली तरी खर्र वाजत नाही. हा बास आता दोन लाखाच्या बाससमोर ठेवला तरी मला हाताला फार परका वाटत नाही, हे अगदी मनापासून सांगतो.

म्हणून पहिला बास घेणाऱ्यानं 25-30 हजारातला घ्यावा आणि वर दोन-अडीच हजार सेटअपला (नेक, फ्रेट, तारा नीट लावून घ्यायला) बाजूला ठेवावेत. रोज कार्यक्रम असतील, बासवर घर चालत असेल तर प्लेयरच्या पट्ट्यात जा, लाखाच्या आतबाहेर, पैशाला सगळ्यात जास्त माल मला तिथं दिसतो. अमेरिकन घेणाऱ्याला मी अडवणार नाही, पण तो फरक पाऊस-उन्हाळ्यात वर्षानुवर्षं वाजवणाऱ्याच्याच हाताला कळणार.

आणि स्वस्तातला घेताना ऑनलाईन फोटो बघून घेऊ नका. त्याच मॉडेलचे दोन-तीन पीस काढायला सांगा, कारण बजेट लाईनमध्ये पीसपीसमध्ये फरक असतो. अँप लावायच्या आधी नेकच्या दोन्ही कडांवरनं अंगठा फिरवा, मग सगळ्यात बारीक तारेवर, म्हणजे ‘जी’वर (G), एकेक फ्रेट वाजवत शेवटपर्यंत जा. कुठं आवाज मेला की तो पीस परत.