ओसाकातले तीन महिने : फॉरेक्स कार्ड, रोकड आणि इकोका

लेकीच्या बाळंतपणासाठी जपानात ओसाकाला गेले होते. व्हिसा 90 दिवसांचा, त्यातले 86 दिवस तिथं राहिले. निघतानाच ठरवलं होतं की भाजी-दूध, बाळाची लंगोटं, देवळात जायचं तिकीट, असल्या गोष्टींसाठी लेक-जावयाकडे पैसे मागायचे नाहीत. तीन महिने ते जमलं. कसं जमलं ते सविस्तर लिहिते, कारण माझ्या वयाच्या कितीतरी बायका आता अशा निघतात आणि पैशाचं सगळं मुलांवर सोडून देतात.

सांगलीतूनच बँकेत येनचं फॉरेक्स कार्ड, म्हणजे परदेशी चलन आधीच भरून न्यायचं कार्ड, काढलं. पासपोर्ट, व्हिसा, तिकीट आणि पॅन लागलं. कार्डात 1,50,000 येन भरले, 40,000 रोख घेतले. ज्या दिवशी भराल त्या दिवशीचा दर पक्का होतो, त्यामुळे पुढे रोज रुपयाकडे बघत बसावं लागत नाही. फक्त कार्ड येनचंच घ्या. डॉलर भरलेलं कार्डही तिथं चालतं, पण येनमध्ये बदलताना वेगळा आकार लागतो. मोठ्या दुकानात यंत्र कधीकधी विचारतं, येनमध्ये देणार की रुपयांत? दर वेळी येनच निवडायचं. रुपयांचा आकडा ओळखीचा वाटतो, पण दर ते लावतील तो असतो.

सुपरमार्केट, औषधाचं दुकान, कपडे, इथं कार्डानं एकदाही दगा दिला नाही. पण लेकीच्या घरामागच्या बाजारगल्लीतला भाजीवाला फक्त रोख घ्यायचा, आणि मेथीच्या जवळ जाणारी पालेभाजी त्याच्याकडेच मिळायची. नूडल्सच्या छोट्या दुकानात दाराशीच तिकिटाचं यंत्र, त्यात हजाराची नोट घालायची. दहा हजाराची ते घेत नव्हतं. म्हणून रोकड लागतेच, आणि ती सुटी लागते. पैसे संपले की सेव्हन-इलेव्हन या दुकानातल्या एटीएमवर जायचे. परदेशी कार्ड चालतं, पडद्यावर इंग्रजी येतं. दर वेळी कार्डाचं शुल्क कापलं जातं, म्हणून मी एकदम 30,000 काढायची.

नाण्यांनी मात्र पहिले पंधरा दिवस रडवलं. खाण्याच्या जिनसांवर 8 टक्के कर, बाकीवर 10, त्यामुळे बिल कधी सरळ होत नाही. फळीवर मोठ्या अक्षरात कराविना किंमत आणि खाली बारीक करासकट, हे कळायलाही आठवडा गेला. एक येनचं नाणं अॅल्युमिनियमचं, वजनाला बरोबर 1 ग्रॅम, हातात आहे हेसुद्धा कळत नाही. पाच येनच्या नाण्यावर आकडाच नाही, फक्त त्यांची अक्षरं. पण ते पिवळं आणि मधे भोक. आईच्या देव्हाऱ्यात भोकाचा पैसा असायचा, अगदी तसं. त्या भोकावरून मी ते ओळखायला लागले. पुढे लेकीनं सुपरमार्केटातलं पैसे भरायचं यंत्र दाखवलं. त्याच्या तोंडात नाण्यांची मूठ ओतायची, ते खळखळ मोजतं आणि उरलेले परत देतं. मग दर शनिवारी पर्स तिथं रिकामी करायची सवयच लागली. माणूस असलेल्या गल्ल्यावर पैसे हातात द्यायचे नाहीत, पुढ्यातल्या छोट्या तबकात ठेवायचे.

रेल्वे-बससाठी इकोका कार्ड घेतलं, 2,000 येनला. त्यात 500 अनामत, 1,500 वापरायला. फाटकावर टेकवायचं की झालं. कोपऱ्यावरच्या दुकानातही चालतं. त्यात पैसे भरायला स्टेशनातल्या यंत्रात रोखच घालावी लागायची.

एक चूक सांगते, ती तुम्ही करू नका. दुसऱ्या महिन्यात एटीएमवर घाईत तीनदा चुकीचा पिन दाबला आणि कार्ड बंद झालं. उघडायला ओटीपी हवा, तो भारतातल्या नंबरवर येणार, आणि माझ्या सिमचं रोमिंग सुरूच केलेलं नव्हतं. बँकेनं निघताना त्याबद्दल एक शब्द सांगितला नव्हता, याचा मला अजून राग आहे. सकाळी नऊला तिथून फोन लावावा तर इथं पहाटेचे साडेपाच. सहा दिवस कार्डाविना काढले, घरात ठेवलेल्या 12,000 येनवर. निघायच्या आधी रोमिंग सुरू करून घ्या, आणि बँकेकडून दुसरं जोडकार्ड मागून घ्या, ते वेगळ्या पिशवीत ठेवा.

परतताना कार्डावर 11,400 येन उरले. परत घेण्याचा दर विकण्याच्या दरापेक्षा बराच कमी सांगितला, म्हणून ते तसेच ठेवलेत. नाणी इथं कुणी बदलून देत नाही, ती शेवटच्या शनिवारी त्या यंत्रात ओतून आले. इकोकाची अनामत स्टेशनावर परत मिळते, पण शेवटच्या वापरानंतर ते दहा वर्षं चालतं. म्हणून ते लेकीच्याच घरी ठेवलंय. नातवाच्या पहिल्या वाढदिवसाला पुन्हा जायचं आहे.