कॉर्पोरेटने इव्हेंटचं बिल अडवलंय: थोडं सोडून मिटवायचं की समाधान पोर्टलवर जायचं?

शो होऊन दोन महिने झाले, मार्केटिंगवाले अजून फोनवर "भारी झाला कार्यक्रम" म्हणतायत आणि फायनान्सवाले म्हणतायत पीओपेक्षा (पर्चेस ऑर्डर, म्हणजे कंपनीची लेखी ऑर्डर) एक रुपया जास्त पास होणार नाही. अशात अडकला असाल तर घाई करू नका, दोन रस्ते आहेत, थोडं सोडून मिटवणं किंवा छोट्या उद्योगांच्या थकलेल्या बिलांसाठीच्या सरकारी समाधान पोर्टलवर तक्रार करणं, आणि दोन्हीचा हिशोब वेगळा आहे.

समजा बिल 10 लाखाचं, वर 18% जीएसटी, म्हणजे 11 लाख 80 हजार. खरा वाद फक्त 1 लाख 60 हजारांचा, आदल्या रात्री वाढवलेली एलईडी वॉल, दुसरा जेनसेट आणि पहाटेपर्यंत थांबलेल्या लेबरचा ओव्हरटाइम. पण अडकतं अख्खं बिल. म्हणून कुठलाही रस्ता धरायच्या आधी एक मेल टाका की ज्या 8 लाख 40 हजारांवर वाद नाही ते जीएसटीसकट आत्ता सोडा, उरलेल्याचं बसून बोलू. मी तर आता एक्स्ट्रा कामाचं बिल पहिल्यापासून वेगळंच काढतो, एकात दुसरं अडकत नाही.

आता मिटवण्याचा रस्ता. पैसे लवकर येतात, व्हेंडर कोड (कंपनीच्या पुरवठादार यादीतला आपला नंबर) चालू राहतो, पुढच्या डीलर मीटला तुम्हालाच फोन येतो. समजा 80 हजार सोडले. इथे बरेच जण फसतात, कारण कंपनी नुसते कमी पैसे पाठवते आणि आपण गप्प बसतो, पण त्या 80 हजारांवरचा 14,400 जीएसटी आपण आधीच भरलेला असतो, तो खिशातून गेला. जीएसटीवाली क्रेडिट नोट (बिलाची रक्कम कमी केल्याचा कागद) काढा, ते आर्थिक वर्ष संपल्यानंतरच्या 30 नोव्हेंबरपर्यंतच ती रिटर्नमध्ये दाखवता येते, आणि कंपनीनेही तेवढं इनपुट क्रेडिट (आपल्या बिलावरच्या जीएसटीची तिने घेतलेली वजावट) परत करायला हवं, हे त्यांच्या अकाउंट्सला लेखी कळवा. "पुढच्या इव्हेंटमध्ये अॅडजस्ट करू" याला मात्र हो म्हणू नका. माझ्याकडे असा तोंडी शब्द देणारे मॅनेजर काही महिन्यांत कंपनी सोडून गेले, नवीन आलेल्यांनी विचारलं लेखी कुठंय, विषय तिथेच संपला.

दुसरा रस्ता समाधान पोर्टलचा. तुम्ही सूक्ष्म किंवा लघु उद्योगात बसत असाल आणि उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) काम घ्यायच्या आधीची असेल तर हा रस्ता मजबूत आहे, नोंदणी नंतर केली असेल तर तिथेच अडवू शकतात. 2006 च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग) कायद्यात पीओवर 90 दिवस लिहिलं असलं तरी मर्यादा 45 दिवसांचीच, लेखी करार नसेल तर 15. उशिरावर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. आणि सगळ्यात कामाची गोष्ट, काम झाल्यापासून 15 दिवसांत कंपनीने लेखी हरकत घेतली नसेल तर काम स्वीकारलं असंच धरलं जातं, त्यामुळे शोच्या दुसऱ्या दिवशी फोटोंसकट "काम पूर्ण झालं" असा मेल गेलेला असेल तर तुमची बाजू खूप वर येते. अर्ज ऑनलाइन स्वतः भरता येतो. आधी समझोत्याचा प्रयत्न, मग लवाद (कोर्टाबाहेरचा बंधनकारक निवाडा), आणि निकाल विरुद्ध गेला तर कंपनीला तो कोर्टात आव्हान द्यायच्या आधी 75% रक्कम भरावी लागते. कागदावर 90 दिवस, प्रत्यक्षात त्याहून बराच वेळ जातो, आणि त्या क्लायंटचं पुढचं काम गेलं असं धरूनच अर्ज टाका.

माझं मत स्पष्ट आहे. वाद एक्स्ट्राचाच असेल, लेखी मंजुरी नसेल, क्लायंट दरवर्षी काम देणारा असेल तर मिटवा. अख्खं बिल कारण न देता अडवलं असेल तर पोर्टल. पण त्याच्याही आधी फायनान्स हेडला उद्यम नंबर टाकून एक मेल जाऊ द्या, की मुदत उलटून पैसे दिले तर हा खर्च पैसे देतील त्याच वर्षी करातून वजा मिळतो (हा नियम आर्थिक वर्ष 2023-24 पासून आहे), आणि बिलाच्या तारखेपासून 180 दिवस उलटले तर घेतलेलं इनपुट क्रेडिट व्याजासकट परत करावं लागतं. मार्चच्या आधी हा मेल जास्त लागू पडतो.

कोर्ट मी शेवटी ठेवतो. 3 लाखांच्या वरच्या व्यावसायिक दाव्याला तातडीचा आदेश मागत नसाल तर आधी मध्यस्थी सक्तीची आहे, आणि दिवाळखोरी कायद्याखाली जायला थकबाकी किमान 1 कोटी लागते, वर आधीपासून खरा वाद चालू असेल तर ते प्रकरण टिकतच नाही.

रस्ता कुठलाही धरा, व्हॉट्सअॅपवर "हो, वॉल वाढवा" असा मेसेज असेल तर आजच चॅट एक्सपोर्ट करून ठेवा, आणि तो पाठवणारी व्यक्ती त्या कंपनीत आहे तोवर त्यांच्या ऑफिसच्या मेलवरून एका ओळीचा होकार मागवून घ्या.