सिद्धेश्वर तलाव, टर्किश टॉवेल आणि ६७ मिमीचा पोलरायझर

आठवडाभर बँकेत काउंटरवर बसायचं आणि रविवारी सकाळी कॅमेरा घेऊन सोलापूरच्या सिद्धेश्वर तलावाचा काठ गाठायचा, हा माझा चार वर्षांचा शिरस्ता. पाण्यावरची चमक मात्र आवरता येत नव्हती. डोळ्यांना बुडालेले दगड दिसायचे, शेवाळ दिसायचं. फोटोत नुसता पांढरा पत्रा.

म्हणून पोलरायझर, म्हणजे लेन्सच्या तोंडावर लावून फिरवायचा, चमक कापणारा फिल्टर. पहिला ऑनलाइन मागवला, ४५० रुपयांचा. सासूबाईंनी गच्चीवर पांढरा टर्किश टॉवेल वाळत घातला होता, त्याचा फोटो काढला तर टॉवेल हळदीच्या पाण्यातून काढल्यासारखा! त्यात रिंग लेन्सवर अशी अडकली की रबर बँड गुंडाळून फिरवली तेव्हा कुठे सुटली. दिवसभर जीव टांगणीला.

दुसऱ्या वेळी नवी पेठेतल्या दुकानात गेले आणि जुना फिल्टर, लेन्स आणि तो टॉवेलही पिशवीतून नेला. लेन्सच्या तोंडावर वर्तुळात तिरपी रेघ असलेल्या खुणेपुढे जो आकडा असतो, तोच फिल्टरचा आकार. माझ्या निकॉनच्या १८-१४० लेन्सवर ६७ आहे. दुकानदारकाकांनी तीन फिल्टर काढून ठेवले आणि बघू दिले, अगदी निवांत. याबद्दल त्यांचे मनापासून आभार.

पोलरायझर दोन प्रकारचे, लिनिअर आणि सर्क्युलर. हातातला कुठला ते ओळखायला आधी आरसा. फिल्टरची आट्यांची बाजू आरशाकडे धरून त्यातून आरशातल्या फिल्टरकडे पाहायचं. काच काळी दिसली आणि उलटा धरल्यावर उजळ झाली, तर तो सर्क्युलर. दोन्हीकडून सारखाच दिसला तर लिनिअर. डीएसएलआरमध्ये, म्हणजे आत आरसा असलेल्या कॅमेऱ्यात, फोकस आणि मीटरिंगचा (उजेड मोजण्याचा) उजेड अर्धपारदर्शक आरशातून जातो, लिनिअरमुळे त्याचा हिशेब चुकू शकतो. म्हणून सर्क्युलरच घ्यावा. त्यात मागे एक जादा थर असतो, तो उजेडाची एकाच दिशेची कंपनं मोडून टाकतो.

मग फिल्टरचा दर्जा बघायला काकांच्या बिलिंगच्या कॉम्प्युटरचा पडदा. फिल्टरची पुढची बाजू पडद्याकडे करून फिरवत गेलं की एका जागी पडदा काळा व्हायला हवा. माझा जुना तिथे जांभळटच राहायचा. शेवटी दुकानाच्या दारात, उन्हात टॉवेल धरून फोटो. तिघांतल्या होया कंपनीच्या फिल्टरमधून टॉवेल पांढराच राहिला. २,८०० रुपये मोजले. महाग वाटले, पण मन स्वस्थ झालं.

पुढच्या रविवारी काठावर बसून, पायाजवळच्या पाण्याकडे पाहत रिंग फिरवली. चमक विरघळली, तळाचा दगड वर आला, एक मासा सरकला. मी अक्षरशः ‘अहो, बघा’ म्हणाले. शेजारी फक्त चिवडा खाणारा एक मुलगा होता, त्यालाच व्ह्यूफाइंडरमधून दाखवलं. पाण्याच्या पृष्ठभागाशी नजर साधारण ३७ अंशांचा कोन करते, तिथे परिणाम सर्वात जास्त. दूरच्या पाण्यावर, जिथे नजर जवळजवळ आडवी पडते, तो फिका.

पण मग लक्षात आलं, देवळाच्या शिखराचं प्रतिबिंबही ओसरायला लागलं होतं. ते तर मला हवं होतं! रिंग थोडी मागे फिरवली, तेव्हा जवळचा तळही दिसला आणि शिखरही राहिलं. ही अर्धी फिरकी हाताला यायला महिना गेला.

आभाळासाठी घेणाऱ्यांना एक सांगते. सूर्याशी काटकोनात असलेलं आभाळ सर्वात गडद होतं. १८ मिमीवर, म्हणजे लेन्सच्या सर्वात रुंद टोकाला, एवढं मोठं आभाळ फ्रेममध्ये येतं की मधेच निळा डाग उमटतो. मेच्या दुसऱ्या आठवड्यात तर दुपारी सूर्य बरोबर सोलापूरच्या माथ्यावर येतो आणि काटकोनाचा पट्टा चहूकडून क्षितिजाला टेकतो. पण तेव्हा आभाळ धुळीने पांढुरकं असतं, फारसं काही हाती लागत नाही. पावसाळा सरल्यावर बघा. कडुनिंबाच्या पानांवरची चमक गेली की हिरवा रंग असा खुलतो! पितळेच्या घंटेवर मात्र याचा इलाज नाही, धातूची चमक तशीच राहते.

आणि हा फिल्टर साधारण दीड स्टॉप उजेड खातो (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा). १/१२५ सेकंदावर येणारा फोटो १/४० च्या आसपास उतरतो, म्हणजे पहाटे हात स्थिर हवा. लेन्सवर आधीचा साधा यूव्ही फिल्टर असेल तर तो आधी काढा. एकावर एक लावले की कोपरे काळे पडू शकतात. संक्रांतीला गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेच्या, संध्याकाळच्या गर्दीत मी हा बॅगेतच ठेवणार आहे, तेवढा उजेड सोडून द्यायला तिथे नसतोच.