आत्याची साडी रामा की निळी? जुन्या रंगीत निगेटिव्हसाठी लॅब, स्कॅनर की कॅमेरा

माळ्यावरच्या डब्यातून निगेटिव्हची पाकिटं निघाली की लोक आधी विचारतात, 'किती डीपीआयला (इंचाला किती ठिपके) स्कॅन करू?' माझ्या लेखी हा तिसरा प्रश्न. पहिला प्रश्न, पट्ट्यांवर धूळ-बुरशी किती आहे? दुसरा, रंग कुणी ठरवायचा, तुम्ही की दुकानातल्या ऑपरेटरने?

रंग ठरवावा लागतो, कारण निगेटिव्हमध्ये तो सरळ हाती येत नाही. सी-४१ फिल्मचा, म्हणजे नेहमीच्या रंगीत निगेटिव्हचा, तळ नारिंगी असतो तो उगाच नाही. फिल्ममधली रंगद्रव्यं शुद्ध नसतात. मॅजेंटाने (गडद गुलाबी) फक्त हिरवा प्रकाश अडवायचा, पण तो थोडा निळाही खातो. सायनलाही (निळसर हिरवा) अशीच खोड. जिथे रंग दाट तिथे ही चूक जास्त, म्हणून ती वजा करणं अवघड. यावर तोडगा असा निघाला की रंग तयार करणारी रसायनंच पिवळट-लालसर ठेवायची. जिथे रंग तयार होतो तिथे त्यांचा मूळचा रंग नाहीसा होतो आणि चूक सगळीकडे सारखी पसरते. सारखी झाली की एका फटक्यात वजा करता येते. पूर्वी प्रिंट काढताना हे काम फिल्टर करायचे, आता सॉफ्टवेअर करतं. नुसतं 'इन्व्हर्ट' दाबलंत, तर त्या नारिंगीचा निळा पडदा सगळ्या फोटोवर बसतो.

दोन-तीनच रोल असतील तर लॅबला द्या, उगाच उपद्व्याप नको. फक्त जेपेगवर समाधान मानू नका, १६ बिट टिफ मागा, त्या फाइलमध्ये रंगछटांचा तपशील जास्त राहतो. जेपेगमध्ये मशीनने उडवलेला पांढरा शालू परत येत नाही.

पुढचा पर्याय फ्लॅटबेड, म्हणजे कागद ठेवतो तसा सपाट काचेचा स्कॅनर, उदाहरणार्थ एप्सन व्ही६००. खोक्यावर ६४०० डीपीआय लिहिलेलं असतं, पण खरा तपशील त्याच्या निम्म्याहून बराच कमी मिळतो. पोस्टकार्ड साइझच्या कॉप्या आणि व्हॉट्सअ‍ॅपसाठी पुरतो. घरात १२० फिल्मचे (नेहमीच्या ३५ मिलिमीटरपेक्षा रुंद) मोठे निगेटिव्ह असतील तर मात्र हाच घ्या.

खरी चुरस आहे ती प्लस्टेक ८२००आय सारखा फिल्म स्कॅनर आणि डिजिटल कॅमेरा यांच्यात. २४ मेगापिक्सेल कॅमेरा, १:१ मॅक्रो लेन्स (जवळून, वस्तू सेन्सरवर मूळ आकारात उतरवणारी), चांगला एलईडी पॅनल आणि स्टँड एवढ्यावर ३६ मिलिमीटर रुंदीच्या फ्रेममध्ये ६००० पिक्सेल बसतात, म्हणजे इंचाला ४२०० च्या वर. वेगाला तर तोड नाही. माझा ३६चा रोल पंधरा मिनिटांत होतो. स्कॅनरवर अख्खी दुपार जाते, कारण प्लस्टेकमध्ये प्रत्येक फ्रेम हाताने पुढे सरकवावी लागते. कॅमेऱ्यावर रॉ मध्येच, म्हणजे सेन्सरच्या कच्च्या फाइलमध्येच काढा. नारिंगी तळातून निळा प्रकाश कमी येतो, म्हणून एक्स्पोजर जरा चढंच ठेवा, नाहीतर निळ्या चॅनलमध्ये दाणे दिसतात. टॅबलेटची स्क्रीन उजेडासाठी वापरू नका. मी वापरली आणि आजोबांच्या धोतरावर पिक्सेलची जाळी आली.

तरीही कोकणातल्या किंवा मुंबईतल्या दमट घरातली पाकिटं असतील, तर मी स्कॅनरच सांगेन. त्यातला इन्फ्रारेड, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा प्रकाश, हे त्याचं कारण. रंगीत फिल्मचे रंग इन्फ्रारेडला पारदर्शक असतात, धूळ नसते. त्यामुळे स्कॅनरला डाग वेगळे ओळखू येतात. बुरशीने थर खाल्ला असेल तर तोही काही प्रमाणात झाकला जातो. कॅमेऱ्याच्या फाइलवर हेच डाग एकेक करून पुसत बसावं लागतं आणि वाचलेली दुपार तिथेच खर्ची पडते. (कृष्णधवलवर हा फायदा नाही, तिथली चांदीच इन्फ्रारेड अडवते.)

रंग काढायला लाइटरूम या फोटो-सॉफ्टवेअरमध्ये निगेटिव्ह लॅब प्रो हे जोड-सॉफ्टवेअर सोपं आहे, पण विकतचं. डार्कटेबल या दुसऱ्या सॉफ्टवेअरचं निगाडॉक्टर फुकट आहे, फक्त हात बसायला वेळ लागतो. दोन फ्रेममधली कोरी नारिंगी पट्टी स्कॅनमध्ये ठेवा. तळाचा रंग तिथून उचलायचा असतो.

आपोआप दुरुस्ती कुठे फसते, हे आमच्या घरच्या हळदीच्या फोटोत दिसलं. चौकटभर पिवळं बघून सॉफ्टवेअरने निळा ओतला आणि नवरी आजारी दिसायला लागली. त्याच रोलवर आधीची फ्रेम अंगणातली होती, पांढऱ्या भिंतीसमोरची. तिची सेटिंग जशीच्या तशी हळदीच्या फोटोंवर टाकली, तेव्हा हळद परत आली. मागे उभ्या आत्याची साडी लॅबच्या स्कॅनमध्ये निळी होती, माझ्यात हिरवट उतरली. दोन्ही फोटो तिला पाठवले. 'निळी कुठली, रामा होती ती,' म्हणाली, 'आणि काठ डाळिंबी. तुझ्या फोटोत ते विटकरी दिसतायत.' मग पुन्हा फाइल उघडली.