गार्चॉम्प घडवताना: पोकेमॉन स्कार्लेटमधले आठ महिने

पोकेमॉन स्कार्लेट या व्हिडिओ गेमची गोष्ट पूर्ण करून मी पहिल्यांदा रँक्ड बॅटलमध्ये, म्हणजे दुसऱ्या खेळाडूंशी ऑनलाइन क्रमवारीच्या लढाईत, उतरलो, तेव्हा माझा गार्चॉम्प (ड्रॅगन जातीचा पोकेमॉन) लेव्हल ९२चा होता. गेममधला अख्खा पाल्डिया प्रदेश त्याच्या जिवावर पालथा घातलेला, जिमचे आठही बॅज मिळवलेले. समोरच्याने हायड्रायगॉन हा दुसरा ड्रॅगन काढला. त्याने माझ्याआधी वार केला, ड्रेको मीटिऑर हा ड्रॅगन-वार पडला आणि माझा गार्चॉम्प एका फटक्यात आडवा. रँक्डमध्ये सगळ्यांची लेव्हल ५० धरली जाते, त्यामुळे ती ९२ तिथे शून्य कामाची होती. शेजारी बसलेल्या भाच्याने विचारलं, "मामा, तो आधी कसा काय मारू शकला?" त्या प्रश्नाचं नीट उत्तर शोधण्यात पुढचे आठ महिने गेले.

गेम २०२२च्या नोव्हेंबरमध्ये आला, मी तो बराच उशिरा घेतला. इथे कथा किंवा ग्राफिक्सबद्दल लिहीत नाही. लढाईसाठी एक पोकेमॉन मुळापासून तयार करायचा तर काय करावं लागतं, आणि त्यातलं काय खरोखर उपयोगी पडलं, एवढंच सांगतो.

त्या हरलेल्या रात्री मी लगेच चॅन्सी सप्लाय या गेममधल्या दुकानातून कार्बोस घेतले. हे स्पीड वाढवणारं औषध, एकाची किंमत १०,०००. गार्चॉम्पला द्यायला गेलो तर गेम म्हणतो, काही परिणाम होणार नाही. मला वाटलं काहीतरी बिघडलंय. कारण दोन दिवसांनी कळलं. प्रत्येक लढाईतून पोकेमॉनला ईव्ही मिळतात, म्हणजे कोणाला हरवलं त्यानुसार एखाद्या गुणात पडणारी भर. त्यांची मर्यादा एकूण ५१०, आणि एका गुणात जास्तीत जास्त २५२. माझ्या गार्चॉम्पने गोष्टीत वाटेत येईल त्याला लोळवलं होतं, त्यामुळे ते ५१० केव्हाच भरले होते. थोडे एचपीत (जीव), थोडे डिफेन्समध्ये, थोडे स्पेशल अटॅकमध्ये, जो त्याला लागतही नाही. भांडं काठोकाठ भरलेलं, पण नको त्या गोष्टींनी.

ते रिकामं करता येतं. ठरावीक बेरी खाऊ घातली की त्या त्या गुणातले १० ईव्ही कमी होतात. डीएलसी, म्हणजे गेमची विकत घ्यायची जादा भर, असेल तर त्यातल्या किताकामी प्रदेशातला फ्रेश-स्टार्ट मोची एका घासात सगळं कोरं करतो. माझ्याकडे तेव्हा डीएलसी नव्हता आणि बेऱ्या गोळा करण्याइतका धीरही नव्हता. मी पिकनिकला बसून गिबलची, म्हणजे गार्चॉम्पच्या पिल्लरूपाची, नवी अंडी उबवली. आईबापांपैकी एकाकडे डेस्टिनी नॉट ही वस्तू दिली की दोघांच्या मिळून बारा आयव्हींपैकी पाच पिल्लात उतरतात. आयव्ही म्हणजे जन्मजात कस, प्रत्येक गुणात ० ते ३१. मला अटॅक आणि स्पीडमध्ये ३१ हवे होते आणि ते बऱ्यापैकी लवकर मिळाले. बाकीचे कमी असले तरी आता अडत नाही, कारण लेव्हल ५० झाल्यावर मॉन्टेनेव्हेरा गावात बॉटल कॅप ही वस्तू देऊन हायपर ट्रेनिंगने ही कमतरता भरून काढता येते. जुन्या गेममध्ये हे लेव्हल १००ला व्हायचं, तेव्हा ही खरोखर मोठी सवलत आहे.

पिल्लू मोठं केलं ते कँडी देऊन. कँडीने लेव्हल वाढते, ईव्ही मिळत नाहीत, त्यामुळे पाटी कोरी राहते. लेव्हल २४ला गिबलचा गॅबाइट झाला, ४८ला गार्चॉम्प.

मग ईव्ही भरणं. औषधांनी एका वेळी १० मिळतात, म्हणजे २५२साठी २६ लागतात. अटॅक, स्पीड आणि उरलेले ४ एचपीत असा हिशोब केला तर ५३ औषधं, ५ लाख ३० हजार. अकॅडमी एस टूर्नामेंट पुन्हापुन्हा खेळून एवढे पैसे जमतात, पण मला ते कंटाळवाणं वाटलं. त्याऐवजी डेलिबर्ड प्रेझेंट्स या दुकानातून दोन वस्तू आणल्या, पॉवर ब्रेसलेट (अटॅकसाठी) आणि पॉवर अँकलेट (स्पीडसाठी), प्रत्येकी १०,०००. या हातात असताना प्रत्येक विजयामागे ठरलेल्या गुणात ८ ईव्ही जादा मिळतात. फ्लेचलिंग या रानटी पोकेमॉनला हरवलं की स्पीडमध्ये १ मिळतो. १ आणि ८ मिळून ९, म्हणजे २५२साठी बरोबर २८ फ्लेचलिंग.

त्या २८ची मोजदाद भाच्याने केली. शाळेच्या रफ वहीत चार उभ्या रेघा आणि पाचवी आडवी, अशी. सुरुवातीच्या साऊथ प्रॉव्हिन्समध्ये फ्लेचलिंग भरपूर आहेत, पण पायाखाली लेचॉंकही तितकेच येतात. सतराव्या वेळी चुकून एक लेचॉंक अंगावर आला आणि भाचा ओरडला, "मामा, वाया गेला!" वाया नव्हता गेला. लेचॉंक एचपीत १ देतो आणि मला शेवटी एचपीत ४ हवेच होते. आम्ही तो वहीत वेगळा मांडून ठेवला आणि शेवटी अँकलेट काढून आणखी तीन लेचॉंक हरवले. अटॅकसाठी ब्रेसलेट लावून असेच २८ यंगूस. एक दुपार गेली, खर्च २०,०००. भरल्यावर पोकेमॉनच्या माहितीत तो गुण चमकायला लागतो. आलेखही दिसतो, आकडा मात्र दिसत नाही, आणि माझी सगळ्यात मोठी तक्रार हीच आहे. जी गोष्ट ४ आणि ८च्या पटीत मोजावी लागते ती नुसत्या रंगीत आकृतीत दाखवून भागत नाही. भाच्याची वही नसती तर माझा नक्की घोळ झाला असता.

आणखी एक सांभाळा: टीममधल्या बाकीच्या पाचांनाही प्रत्येक विजयाचे ईव्ही मिळतात. मी लक्ष दिलं नाही आणि ज्याला स्पीड अजिबात नको होता त्या पोकेमॉनमध्येही ते भरले.

आता नेचर, म्हणजे एक गुण वाढवणारा आणि एक कमी करणारा स्वभाव. इथे मी चुकलो आणि सगळ्यात जास्त शिकलो ते इथेच. मी अ‍ॅडमंट मिंट ही नेचर बदलणारी वस्तू घेतली, किंमत २०,०००. अटॅक १० टक्क्यांनी वाढतो, स्पेशल अटॅक कमी होतो. लेव्हल ५०ला अटॅक झाला २००. आकडा बघून छाती फुगली. पुन्हा रँक्ड, पुन्हा कुणाचा तरी हायड्रायगॉन, आणि पुन्हा माझा गार्चॉम्प आधी पडला. पूर्ण भरलेल्या अ‍ॅडमंट गार्चॉम्पचा स्पीड १५४, टिमिड (स्पीड वाढवणारं नेचर) हायड्रायगॉनचा १६५. ११ने कमी पडलो, म्हणजे पडलोच. दोघेही ड्रॅगन, जो आधी हात उचलेल तो दुसऱ्याला संपवतो. मी २०,००० घालून स्पीड वाढवणारा जॉली मिंट दिला. अटॅक २००वरून १८२वर आला, स्पीड १६९ झाला. हातात वाराचा जोर वाढवणारा लाइफ ऑर्ब दिला. पुढच्या आठवड्यात हायड्रायगॉन समोर आला तेव्हा गार्चॉम्पने आधी ड्रॅगन क्लॉ मारला आणि तो तिथेच बसला. भाच्याच्या पहिल्या दिवशीच्या प्रश्नाचं उत्तर त्या एका वारात होतं.

तेव्हापासून माझी पद्धत बदलली. आधी कोणाच्या पुढे जायचंय ते ठरवतो, मग ईव्ही. बेस स्पीड, म्हणजे त्या जातीचा मूळ वेग, १०० असलेले, म्हणजे चॅरिझार्ड, व्होल्करोना वगैरे, जास्तीत जास्त १६७ला पोचतात. त्यांच्या पुढे जायला गार्चॉम्पला १६८ पुरतो आणि तो २४४ ईव्हीत होतो. उरलेले ८ एचपीत टाकले तर एचपी १८५. मी हे दोन आठवडे वापरून पाहिलं आणि परत २५२वर आलो, कारण रँक्डमध्ये समोरही गार्चॉम्प असतो आणि तो १६९चाच असतो. त्याच्यापुढे १६८ म्हणजे हमखास मार. एचपीचा तो एक जादा आकडा मला एकाही लढाईत उपयोगी पडलेला आठवत नाही. टीम वेगळी असेल तर तुमचा निर्णय वेगळा होऊ शकतो.

रफ स्किन या खास क्षमतेसाठी अ‍ॅबिलिटी पॅच लागतो आणि तो सहा ताऱ्यांच्या टेरा रेडमधून, म्हणजे अवघड सामूहिक लढाईतून, मिळतो. मला खूप वेळ लागला. पण अंगाला लागून वार करणाऱ्याचा आठवा हिस्सा एचपी जातो, हे लढाईत सतत जाणवतं. डबल्समध्ये (दोघांविरुद्ध दोघे) सगळ्यांना लागणारा अर्थक्वेक वापरणार असाल तर जोडीदार उडणारा ठेवा, नाहीतर तोही लोळतो. गार्चॉम्प बर्फाच्या माऱ्याला चौपट कच्चा आहे, त्यावर कुठल्याही ट्रेनिंगचा इलाज नाही.

नव्याने सुरुवात करणाऱ्याला मी हाच गार्चॉम्प सुचवेन. बेस गुणांची बेरीज ६००, फक्त दोन गुण भरायचे आणि चूक झाली की मिंट बदलून सुधारता येते. गोष्टीत वापरलेला जुना मात्र तसाच ठेवा, नवा उबवा.

सध्या आमच्या घरी उलटं काम चालू आहे. भाच्याला ट्रिक रूम या डावासाठी टॉर्कोल हा पोकेमॉन हवाय; त्या डावात जो जितका हळू तितका आधी मारणार. स्पीड कमी करणारं क्वाएट नेचर, स्पीडचा आयव्ही ०, म्हणजे लेव्हल ५०ला स्पीड फक्त २२. आयव्ही वाढवायला बॉटल कॅप आहे, कमी करायला काहीच नाही. त्यामुळे पुन्हा पिकनिक, पुन्हा अंडी. काल रात्रीपर्यंत एकेचाळीस उबवली, आणि वहीचं नवं पान अर्धं भरलंय.